तेलवाल्याची जागा

बा,

आधी घडले ते क्रमाने मांडतो. तू मलकापूरच्या कापसाच्या जिनात, प्रेसमध्ये गाठी दाबायला होतास, तेव्हा तिथे इंजिनाला तेल घालणाऱ्याची जागा रिकामी झाली. इंजिन ज्यांच्या हाती होते त्या रोहिणखेडच्या मिस्त्रींनी तुझे नाव सुचवले. मॅनेजरने ते एका अटीवर मान्य केले. सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या दालनात कुणबी-माळ्यांच्या बाया कामाला असत आणि दाराशीच त्यांच्या पाण्याचे माठ होते. तेव्हा तू तिथून न जाता मागच्या आवारातून वळसा घालून इंजिनाकडे जायचे. तू नाही म्हणालास.

त्याच संध्याकाळी मिस्त्री महारवाड्यात आपल्या घरी आले. मला ते अजून दिसतात. बाजेवर बसून, आपल्या घरच्याच कपातून चहा पीत ते म्हणतात, "अरे भाई, हाथ में आया काम छोड़ता क्या? प्रेस में गाठी दबा दबा के छाती फूट जाती आदमी की."

"तुमचं खरं हाय मिस्त्री," तू म्हणतोस. "पण एक सांगा, तेलाचा डबा बी मांगच्या वाटेनंच नेता का?"

मिस्त्री हसतात आणि कप खाली ठेवतात. आई चुलीपासून मान न वळवता म्हणते, "मांगून जा नाही तं पुढून जा, पगार तं एकच येते ना. काऊन एवढा ताठा?"

"पगार येईन वं घरी. त्याच्यासंगं मी नाही येनार."

तू प्रेसमध्येच राहिलास. मिस्त्री म्हणाले होते तशीच तुझी छाती गेली आणि तूही गेलास. तोवर माझी शाळा मात्र तू सुटू दिली नाहीस.

पुढे मी याच विषयाचा अभ्यास केला: वऱ्हाडात कोणत्या जातीधर्माच्या हाताला कोणते काम मिळते आणि पिढीगणिक ते किती बदलते. बलुते सुटले, मजुरी आली, यंत्रे आली. तरी तराजूपाशी कोण, इंजिनापाशी कोण आणि गाठींपाशी कोण, हे बहुतेक आधीच ठरलेले राहिले. माझ्या मांडणीत दोष काढणारा अद्याप भेटलेला नाही. काम मिळालेले तिच्यात आहेत, नाकारले गेलेलेही आहेत. मिळालेले काम ज्याने स्वतः नाकारले, त्याला कुठे बसवायचे ते मला आजवर ठरवता आलेले नाही.

आता नागपूरच्या एका महाविद्यालयाने मला अध्यापकाची जागा देऊ केली आहे. तिथे आपल्यातले कोणी यापूर्वी शिकवलेले नाही. सोबत एक सूचना आहे: मी भोजनगृहात इतरांच्या पंगतीला न बसता ताट खोलीवर मागवावे, म्हणजे कोणाचीच अडचण होणार नाही. भाषा ढिसाळ आहे. अट घालायची आणि तिला विनंती म्हणायचे, इतकेही त्यांना नीट साधलेले नाही. मी वर्गात शिरलो तर माझ्यामागून येणाऱ्याला ते दार उघडे सापडेल, असे मी स्वतःला समजावतो. तू असतास तर ताटाविषयी काहीतरी विचारले असतेस.

उद्या त्यांना होकार किंवा नकार कळवायचा आहे. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून लिहितो: मला ती जागा हवी आहे, बा. फार हवी आहे.

तेव्हा मी ती घ्यावी की नाही, ते कळव. तुला लिहिता येत नव्हते हे मी विसरलेलो नाही. तरीही उत्तर लेखीच हवे. तोंडी सांगशील तर तुझ्या आवाजात मी मला हवे तेच ऐकेन.