सोळा कॅरिबूंचा डोंगर

वरचा तळ, १४ मार्च

चि. डेल्फीनला ऑर्लीनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इथे वर फोन लागत नाही, म्हणून पत्र. उत्तर हाताने लिही, तुझं अक्षर विसरायला झालंय.

आपल्या डोंगरावर आता सोळाच कॅरिबू हरणं उरलीत. लाकूडतोडीचे रस्ते झाले, तोडलेल्या जागी कोवळं रान माजलं, ते खायला थोराड मूस हरणं आली आणि त्यांच्यामागून लांडगे. लांडग्यांचं पोट मूसवर भरतं, पण वाटेत कॅरिबू सापडला तर तोही जातो. कळप मोठा होता तेव्हा दोन-चार गेलेले कळायचेही नाहीत. आता एक मादी गेली की पुढची पिल्लंही गेली. बाबा म्हणतात, कॅरिबू संपले तरी लांडगे उपाशी राहणार नाहीत, मग ते थांबतील कशाला?

म्हणून सात गाभण माद्या उंच कुंपणात आणून ठेवल्यात. पिल्लं जरा मोठी झाली की जुलैत फाटक उघडून सोडायच्या. राखणीला मी. ब्याऐंशीचे बाबा रोज त्यांच्यासाठी झाडांवरचं दगडफूल काढून पोती भरतात. आपल्या लोकांनी कॅरिबूंची शिकार सोडून चाळीस वर्षं झाली. त्या मांसाची चव आता आठवत नाही, असं परवा म्हणाले.

तुझी ताई

व्हँकुव्हर, ३ एप्रिल

ती. ताईस सा. न.

वॉर्डात पत्र वाचताना रडले, तर पेशंटनेच मला पाणी दिलं! जुलैत फाटक उघडाल तेव्हा यायचं फार मनात आहे, पण रजेचं कठीण दिसतं. कॅरिबू चालताना पायांची टकटक व्हायची ना, ती मला इथे लिफ्टची वाट बघताना ऐकू येते. हसू नकोस. बाबांना लांडग्यांचा राग येतो का गं?

तुझी डेल्फीन

वरचा तळ, १६ ऑगस्ट

चि. डेल्फीनला आशीर्वाद.

पाच पिल्लं जगली. जुलैअखेर फाटक उघडलं, तर एकही मादी हलेना. बाबा म्हणाले, आपण टक लावून बसलोय, त्या कशा जातील? आम्ही पाठ फिरवली तेव्हा पिल्लांना घेऊन निघाल्या.

बाराव्या दिवशी लांडग्यांनी एक मादी मारली. तिचं पिल्लू एकटंच खाली आलं आणि कुंपणाबाहेरून फेऱ्या घालत राहिलं. मी फाटक उघडून त्याला आत घेतलं. बाबा मेलेल्या मादीपाशी जाऊन आले. म्हणाले, लांडग्याने पोट भरलं, रस्ता काही त्याने बांधला नाही. पिल्लू त्यांच्याच हातचं खातं, म्हणून आता घरी यायला तयार नाहीत. थंडी तोंडावर आलीय, मला काळजी वाटते.

ताई

व्हँकुव्हर, २५ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

शनिवारच्या बसने निघतेय. रजा मिळाली नाही, मीच घेतली. बाबांना सांग, पिल्लासाठी येतेय. त्यांच्यासाठी म्हटलंस तर चिडतील. माया आहेच, भेटेपर्यंत पुरवून वापर.

डेल्फीन