माह्यं नाक सायकलवर मोडलं नाही

कलकत्ता,
१२ ऑगस्ट १९७४

देवरावदादा, तुले आन् आईले जयभीम.

मी ठणठणीत आहो. पण तुह्यं पत्र वाचून डोकं तापलं. कामठीच्या पाहुण्यायनं फोटोतलं माह्यं वाकडं नाक पाहून विचारलं, तं तू सांगतलं का मी सायकलवरून पडलो. काहून गा?

सायकलवरून लहान पोट्टे पडतात. माह्या अंगावर तिघं कोसळले तरी मी चेंडू सोडला नाही, रेषेपल्याड नेऊन टेकवला, तेव्हा मोडलं हे नाक. चहाच्या कंपनीनं मले रग्बी खेळासाठीच ठेवलं आहे. बाकी वेळ गोदामात पेट्या रचतो. सामना झाला का दोन्ही संघ एका टेबलावर जेवतात. ज्यानं नाक मोडलं, त्यानंच मले आपल्या हातानं भात वाढला. असा मान सायकलवरून पडणाऱ्याले भेटते काय?

पाहुणे याले मारामारीचा धंदा म्हणतील, म्हणून लाजला तू? बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, ते साऱ्या गावाले छाती काढून सांगतलं. त्यायच्या पोरानं नाक लपवाचं? पाहुण्यायले खरं सांग. पोरगी नाही म्हणाली तं म्हणू दे, खोट्या नाकावर मी लग्न करत नाही.

आईच्या मोतीबिंदूचं धंतोलीचा डॉक्टर काय म्हणून राहिला?

तुहा वाकड्या नाकाचा भाऊ,
श्रावण

ता. क. खांदा निखळला, म्हणून डाव्या हातानं लिहून राहिलो. कंपनी म्हणते, बरा झाला का नोकरीचं पाहू. आईनं अक्षराचं विचारलं तं सांग, बसमधून उतरताना घसरला.