अण्णाराव आला, अण्णाराव आले

नांदेड, ४ मार्च

प्रिय आईस,
तुझ्या सुवार्ताचा येशूच्या नावात सलाम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. गुडघ्याचं तेल पाठवलं होतं, मिळालं का?

एक सांगायचं राहिलं. सोमवारी आमच्या डोळ्यांच्या वॉर्डात आपल्या गावचा अण्णाराव भरती झाला. कडबा रचताना त्याच्या डोळ्यात काडी गेली. ज्यानं बाबांना गावात माती देऊ दिली नाही, लातूरला न्यायला लावलं, तोच हा.

तू रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करतेस. मी शेजारी बसून कधी आमेनसुद्धा म्हटलं नाही, तुला माहीतच आहे.

त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "दुसरी सिस्टर न्हाई का?"

"न्हाई. डोळा उघडा," मी म्हटलं.

तासातासाला थेंब टाकले. वैऱ्यावर प्रीतीबिती काही नव्हती, ड्युटी होती.

तिसऱ्या दिवशी आग फार झाली, तर त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. मीही सोडवलं नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "शलमोनची, तुमच्या बाची माती लई लांब पडली असल तुमाला." त्यांचा चहा निवला होता, तो गरम करून आणला.

आज ते घरी गेले.

धाकटी एस्तेर हे वाचून दाखवेल. वर 'तो' आहे आणि खाली 'ते' झालंय. चूक समजून दुरुस्त करू नको म्हणावं. मलाही लिहून झाल्यावरच दिसलं.

आज प्रार्थनेत त्यांचं नाव घेशील, तेव्हा आमेन मी इथून म्हणेन.

तुझी लेक,
सुवार्ता