पेंडीची बादली

आष्टा, सोमवार, डिसेंबर १९७३

जर्सी गाय का आटली, ते आज कळलं. जंताचं औषध झालं, गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं पोत्यांचे पडदे बांधले, डॉक्टर दोनदा येऊन गेले. आणि मी भिजवलेली पेंडीची बादली धाकटे दीर रोज शर्यतीच्या बैलापुढं ठेवत होते! विळा विसरला म्हणून मी रानाच्या वाटेवरून माघारी आले, तर बैलाचं तोंड बादलीत.

"वैनी, गाय आटली तर घरात कळतं. बैल हारला तर गाव हसतं," मान वर करून म्हणाले.

मग "गाईला आपली हवा मानवत न्हाई" कोण म्हणत होतं? त्यावर विश्वासून, गाय विकू या, असं ह्यांना पलटणीत पत्र टाकलं मी. रोज रिकामी बादली विसळली मी. आणि परवा बैल जिंकून आला, तेव्हा त्याला ओवाळलंही मीच.