कंबरेच्या नावानं

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून खरं बोलायचं. ठरलं. मुळात मी स्पष्टवक्ताच, फक्त आजवर प्रसंग आला नव्हता.
कारखान्यात नवी एचआर आलीय, वल्लरी. तिनं मीटिंगमध्ये सांगितलं, मन थकलं असेल तर तसं सांगून सिक लीव्ह घ्या, लाजू नका. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझी. डिस्पॅचच्या टेबलावर बसून गेले काही महिने मी नुसता भिंतीकडं बघतोय. झोप नाही. परवा पांढऱ्या रश्श्याला नको म्हणालो, तेव्हा बायकोनं, क्रांतीनं, हात धरून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर सुट्टी घ्या, नाहीतर एक दिवस टेबलावरच पडाल.
उद्या मालकांना, म्हणजे हंबीररावांना, तोंडावर सांगणार.

मंगळवार, ४
सांगितलं नाही. मालक ट्रकवाल्यावर ओरडत होते. तापलेल्या माणसाशी नाजूक विषय काढू नये. हा भित्रेपणा नव्हे, मॅनेजमेंट.

गुरुवार, ६. सकाळ
अंथरुणातून उठवेना. मेसेज लिहिला: 'साहेब, मन थकलंय, आज येत नाही.' वाचला. कुणीतरी मेल्यासारखा वाटला. पुसला. 'साहेब, कंबर धरलीय' असा पाठवला. याला खोटं म्हणता येणार नाही. मन माझं, कंबरही माझीच. पत्ता एकच.

त्याच दिवशी, दुपार
मालकांनी तालमीतला गुंडू वस्ताद घरी धाडला. सोबत तेलाची बाटली. म्हणाला, पावणं, पालथं व्हा. मी म्हणालो, आता पुष्कळ उतार आहे. तो म्हणाला, समदी असंच म्हणत्यात. मग त्यानं माझ्यावर गुडघा ठेवला. क्रांतीनं शेजारच्या आक्कांना बघायला बोलावलं. आक्का म्हणाल्या, वस्ताद, आमच्या ह्यांच्याकडं पण येऊन जावा की.

शुक्रवार, ७
कंबर खरंच धरली. म्हणजे कालचा मेसेज जरा आगाऊ होता, एवढंच. कामावर गेलो. मालकांनी पाठीत थाप घातली, उभा केला का न्हाय वस्तादानं! डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ते कृतज्ञतेचं वाटलं.
वल्लरीनं विचारलं, सर, सगळं ठीक? मी म्हणालो, एकदम. तिचा अधिकारच काय? साहेबांना सांगायचं ते साहेबांनाच सांगणार.

रविवार, ९
क्रांती म्हणाली, तुम्हाला जमणार नाही, मी फोन करते. मी म्हणालो, हा माझ्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, जावयाला पाहुणचारात मिरच्या जास्त झाल्या हे माझ्या आईला सांगायला तुम्ही किती वर्षं घेतलीत? अजून घेताय.
विषयांतर. उद्या नक्की.

सोमवार, १०
गेलो. केबिनचं दार लावलं. म्हणालो, साहेब, जरा मनातलं बोलायचं होतं.
मालकांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बस, विश्वजित. मलाबी बोलायचं हाय.
मग तेच बोलले. झोप लागत न्हाय. गेटातनं आत यायचं म्हटलं की छातीत धडधडतं. गाडी वळवून उचगावापर्यंत जाऊन परत येतो. घरात सांगितलं तर बाहेरचं बघतील, कुणीतरी उतारा टाकायला लागंल. एवढा दांडगा माणूस टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला.
हीच वेळ होती. 'साहेब, मलाही' एवढे दोनच शब्द. तोंड उघडलं आणि त्यातून आलं, असलं काही नसतं हो, साहेब. कामात मन रमवा.
मालकांनी पेपरवेट जागेवर ठेवला. मग म्हणाले, तू खंबीर हाईस, म्हणून तुला सांगितलं. मी आठवडाभर गगनबावड्याला पाहुण्यांकडं जातो. तवर कारखाना तुझ्याकडं. कुणाला कळू देऊ नको.
मी म्हणालो, निश्चिंत राहा.
माझी सुट्टी मालक घेऊन गेले.

मंगळवार, ११
केबिनमध्ये बसलोय. इथली भिंत जास्त मोठी आहे.
साहेब कुठं, म्हणून दहाजण विचारून गेले. शेवटी ग्रुपवर टाकलं: 'साहेबांची कंबर धरली आहे.' सगळ्यांनी हात जोडले. वल्लरीनं मला वेगळा मेसेज केला, सर, तुमच्यासारखी स्ट्राँग माणसं आहेत म्हणून चालतंय.
क्रांतीचा फोन आला, सांगितलं का? मी म्हणालो, चर्चा सविस्तर झाली.
संध्याकाळी गुंडू वस्ताद दारात. तेलाची बाटली मोठी. म्हणाला, साहेबांचं कळालं, कुठं हाईत?
मी सांगितलं, गगनबावडा.
आठ दिवसांत मी बोललेलं पहिलं खरं.