कासरा धर, ओढू नको

आप्पा, आता एक अशी गाडी निघालीय, की तिला हाकणारा लागत नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, आपलीपण तशीच होती. म्हणून तर तुम्हालाच लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगायला जावं तर आधी विचारतात, केवढ्याला पडती. तुम्ही मला दुसरीपर्यंत शाळेत घातलं होतं, तेवढ्या शिदोरीवर हे चाललंय. जोडाक्षर अडलं की नातीला हाक मारते. ती म्हणती, "आजी, काय लिहितीयास एवढं?" मी म्हणते, किराणा. "किराण्यात 'प्रवास' कशाला लागतो गं?" म्हटलं, तू सांग नुसतं, पाय मोडायचा की नाही.

ही नात म्हणजे माझ्या लेकाची लेक, तुमची पणती. इंजिनेर झाली. पुण्याच्या एका कंपनीत लागली आणि काम काय, तर ही गाडी रस्त्यावर नेऊन तपासायची. गाडी आपली आपण वळते, आपली आपण थांबते. पोरगी चालवायच्या जागेवर बसते पण चालवत नाही. हात चाकाजवळ, पाय ब्रेकजवळ, नजर पुढं. गाडी चुकली तरच हात लावायचा. गाडीला बारके काचेचे डोळे असतात, चारी अंगाला. हे मला आता कळलंय, तेव्हा पुढचे तेवढे ठाऊक होते, आणि त्यातच पुढचा घोळ झाला. सांगते.

पुण्याला त्यांचं मोठं मैदान आहे. पांढरे पट्टे ओढलेले, मधे आडवी यायला प्लास्टिकची माणसं. पोरीनंच सायबाला सांगितलं, प्लास्टिकची माणसं उलट्या बाजूनं येत नाहीत, रस्त्यात उभी राहून फोनवर बोलत नाहीत. खरी परीक्षा घ्यायची तर आमच्या सोलापूरला चला. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नसतो, मेंढरं काय बाजूला होत नाहीत. असं करून पावसाळ्याच्या तोंडाला गाडी इकडं आली, आणि गाडीबरोबर पोरगी. माझ्या खोलीत, माझ्या शेजारी तिची गादी पडली. आप्पा, घरात संध्याकाळी कुणीतरी यायचं आहे म्हणून भाकरी थांबवून ठेवायची, हे सुख मी विसरले होते.

पण त्याच पावसाळ्यात एकदा चिखल उडून गाडीचा डोळा झाकला, तरी गाडी पुढं चाललीच, जसं काही झालंच नाही. पोरीनं चाक धरलं म्हणून निभावलं. त्या दिवशी जेवली नाही ती. म्हणाली, "आजी, दिसलं न्हाय तर न्हाय. पण दिसत नसताना तसंच फुडं जाणं, ते वाईट." मग ती आणि तिची पुण्याची माणसं त्याच एका गोष्टीमागं लागली. डोळा झाकला की गाडीनं आपणहून कडेला उभं राहायचं. आता थंडीत सायेब स्वतः बघायला आले. नीट झालं तर काम सोलापुरातच ठेवायचं, नाहीतर गुंडाळून पुण्याला. पोरीला घोर गाडीचा. मला गाडीचं काय, मला त्या गादीचा घोर. ती गुंडाळली असती ना.

काल सकाळी मी हौसेनं झेंडूची माळ केली आणि गाडीच्या तोंडाला बांधली. आपण बेंदराला बैलांना सजवायचो तशी. पोरगी धावत आली. "आजी, काढ आदी ती. डोळं झाकतील तिचं." काढली की. पण देवाचं नाव घेऊन ओवलेली माळ टाकायची कुठं? पोरगी आणि सायेब चहा पीत होती, तेवढ्यात मागच्या काचेच्या वर, कुणाच्या नजरेत येऊ नये अशी बांधून टाकली. मागं कुणाचे डोळे असतात, असं मला वाटलं.

मला बसवायची परवानगी पोरीनं आधीच काढून ठेवली होती. सायेब मागं माझ्याशेजारी, मांडीवर कॉम्प्युटर. मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. पोरीचे हात चाकाजवळ सैल, आणि चाक आपोआप फिरतंय. मी सायबाला म्हटलं, "तुमाला भ्या वाटत न्हाय का?" ते म्हणाले, "आजी, मला तर रिक्षाचीही वाटते."

पुढं गाव आलं आणि गाडी थांबली. बघते तर कुणीतरी रस्त्यावर हुलगा पसरलेला, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली मळून निघावा म्हणून. सायेब मान लांब करून बघायला लागले, हे काय आहे. तेवढ्यात कडेची बाई हातात सूप घेऊन उठली. "वो, थांबला कशाला? घाला की गाडी वरनं. समदी घालत्यात."

पोरगी म्हणाली, "मावशी, गाडी नवी हाय. तिला कळंना, तुमचं हे काय हाय."

"नवी हाय म्हणून काय चाकं धुऊन ठिवायचीत?"

सायेब इतके हसले की कॉम्प्युटर घसरला. मग पोरीनं चाक हातात घेतलं आणि गाडी हळू हुलग्यावरून नेली. बाई मागनं ओरडली, "परत येताना पण हिकडूनच या." सायेब म्हणाले, थांबली हे बरोबरच केलं, आता पुढं काय करायचं ते शिकवू. पोरीनं हळूच श्वास सोडला. मीही सोडला.

पुढं मोकळा रस्ता. समोरून उसाचा ट्रक जोरात गेला, वारा आला, आणि आमच्या गाडीत टिंग टिंग वाजायला लागलं. पोरीनं हात लावला नाही. गाडी आपली आपण हळू झाली, दिवा लुकलुकवत कडेला सरकली आणि बाभळीखाली उभी राहिली. सायेब म्हणाले, "मागचा कॅमेरा बंद?" आणि उतरून मागं गेले. परत आले तेव्हा हातात माझी माळ, अर्धी तुटलेली. पोरीनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी उसाकडं.

आप्पा, तेव्हा मला तो बेंदूर आठवला. मिरवणुकीत डाव्या बैलाचं बाशिंग सुटून डोळ्यांवर आलं आणि तो वेशीतच उभा राहिला. मागची माणसं वैतागली. कुणी म्हणालं, हाणा दोन. तुम्ही म्हणालात, "त्येला दिसतंय का? मग कसा चालंल?" आणि सावकाश बाशिंग वर केलंत, त्याच्या गालावरून हात फिरवला. त्या रात्री वैरणीला तुम्ही त्याला पेंडीचा मोठा वाटा घातला. आई म्हणाली, अडून बसला त्याला बक्षीस? तुम्ही नुसते हसलात.

तसेच सायेब हसले. मी म्हटलं, "माळ माझी हाय. पोरीला बोलू नका." ते म्हणाले, "बोलतोय कशाला? मैदानात आम्ही कॅमेऱ्यावर मुद्दाम पट्टी चिकटवतो. गाडी थांबतेच, आम्हाला माहीत असतं. आज कुणालाच माहीत नव्हतं." मग पोरीकडं वळून म्हणाले, "खोली मोठी बघा ऑफिसला. इथंच राहायचंय." पोरगी उतरली आणि माझ्या केसात त्या तुटक्या माळेतलं एक फूल खोवलं. या वयात. सायबादेखत.

येताना ऊन उतरलं होतं. आप्पा, मंगळवेढ्याच्या बाजारातून ज्वारी घालून परत येताना तुम्ही गाडीत आडवे व्हायचा. कासरा माझ्या हातात द्यायचा. "धर नुसता. ओढू नको. त्यांस्नी वाट म्हाईत हाय." आणि डोळ्यांवर पटका घ्यायचा. मी केवढीशी, पण कणा ताठ करून बसायचे, कारण गाडी माझ्यावर सोपवली होती. पोरगी तश्शीच बसली होती काल. हात सैल, पाठ ताठ.

तिला बघता बघता मनात आलं, तुम्ही तरी खरंच झोपत होता का? नव्या बैलांवरून तर पुरा पावसाळा नजर न काढणारा माणूस, आणि एवढ्याशा पोरीच्या हातात कासरा देऊन घोरतो? पटक्याखालून बघत असणार तुम्ही. मला आत्ता, या वयात कळलं.

हा कागद पाठवायचा कुठं? ज्वारीच्या डब्यात ठेवीन, पोरगी तिथं हात घालत नाही. फक्त एक सांगते, घरी आल्यावर ती म्हणाली, "आजी, झोपली होतीस ना?" मी म्हटलं, छे, डोळे मिटून नाव घेत होते. आप्पा, तुम्ही झोपत नव्हता. मी मात्र येताना हुलग्याच्या गावापासून थेट आपल्या दारापर्यंत, खरंच झोपले होते.