शेबेस्ताच्या पियानोवर उघडी बोटं

१२ मार्च

पोहोचले एकदाची! ब्रनोहून दोन बसगाड्या बदलल्या, ट्रंकेची एक कडी तुटली, पण आले. संगीतकार आल्बीन शेबेस्ता जिथे लहानाचा मोठा झाला ते घर आता माझ्या ताब्यात. खाली तीन खोल्यांचं संग्रहालय, वर माझी खोली. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना पियानो शिकवला, स्वतः चारचौघांत एकदाही वाजवला नाही. आणि आता एक मे रोजी, शेबेस्ताच्या वाढदिवशी, त्याच्याच लहानपणच्या पियानोवर त्याचं पाळणागीत मी वाजवायचं! नगराध्यक्षांनी स्वतः सांगितलं. मला तर नाचावंसं वाटलं.

आधीच्या राखणदार कुबिच्कोवाबाई किल्ल्या द्यायला आल्या होत्या. एकतीस वर्षं इथे काढलेली बाई, तोंडाचा पट्टा थांबेना. पाहुण्यांना बुटांवरून लोकरी सपाता घालायला लावायच्या, सहलीच्या पोरांवर डोळा ठेवायचा, आणि पियानोला हात लावायचा तो सुती हातमोजे घालूनच. हे सगळ्याच संग्रहालयांत असतं, मी मान डोलावली. स्वतःचे मोजे त्यांनी कॉफी पितानाही काढले नाहीत.

१६ मार्च

चाळीस जोड सपाता धुतल्या. शी! वर्षानुवर्षांचा परक्यांच्या पायांचा घाम. बादलीतलं पाणी सूपासारखं दाट झालं.

मग सरावाला बसले. मोजे घालून वाजवणं म्हणजे मोजे घालून कणीक मळणं, बोटं नुसती घसरतात. काढून टाकले. स्वर इतका गोड लागला की डोळे भरून आले. पट्ट्या मात्र चिकट आणि जरा कोमट. फटींत काळा मळ होता, केसांच्या आकड्याने उकरला. पायाच्या बोटांमधला असतो ना, अगदी तसला वास.

२१ मार्च

मळ रोज परत येतो. आणि पट्ट्यांच्या कडा लाकडाच्या बाहेर आल्यात, जिऱ्याएवढ्या. आज भिंग घेऊन बघितलं. प्रत्येक पट्टीच्या मुळाशी पांढरी अर्धचंद्रकोर. हस्तिदंत कसला डोंबलाचा, नखं आहेत ती! मोरीपर्यंतही पोहोचले नाही, दारातच ओकले.

खणात नखं कापायची कात्री, कानस आणि बदकाच्या चरबीची बरणी सापडली. बाई एकतीस वर्षं हेच करत होत्या तर.

२८ मार्च

डंप्लिंगची कणीक मळताना उजव्या करंगळीचं नख निघून आलं. दुखलं नाही, नुसतं ओलं झालं. कणीक चिवडून चिवडून पाहिली, नख नाही. खाली पियानोवर सगळ्यात वरच्या सुराची, कालपर्यंत तडकलेली पट्टी आज अखंड, गुलाबी.

तशीच धावत कुबिच्कोवाबाईंकडे गेले. बाई माझ्यावरच उखडल्या. मोजे घाल म्हणून घसा फोडून सांगितलं होतं ना, आता हात दाखवून अवलक्षण झालं ना, म्हणाल्या. मग त्यांनी मोजे काढले. सोललेल्या उकडल्या बटाट्यासारखी दहा बोटं. त्यांनाही एकदा वाजवायची हौस आली होती. म्हणाल्या, बये, एक मे विसर आणि उद्याच्या बसने चालती हो. तो पियानो वाईट वाजता तर बरं होतं, वाजतो फार सुंदर, तिथेच माणूस फसतं.

४ एप्रिल

गेले नाही. तीन नखं गेली. पण एकवीस वर्षांत न जमलेली ती तान आज पाण्यासारखी आली.

१९ एप्रिल

सात. चरबी चोळली, कडा कापल्या. कापलेले तुकडे केरात टाकवेनात. तोंडात — शी, शी. हे लिहायलाच नको होतं.

१ मे

वाजवलं. लोक रडत होते. मी असं कधीच वाजवू शकले नव्हते. नगराध्यक्षांनी हाताचं चुंबन घेतलं आणि पाठ फिरवून रुमालाने ओठ पुसले. पुसू देत.

पण शेवटच्या ओळीत एक सूर मुका राहिला. कुणाला कळलं नाही. मला कळलं — आणि त्याला काय हवंय तेही. डाव्या अंगठ्याचं नख तेवढं उरलंय.

२ मे

ट्रंक भरली. बस सव्वानऊला. कुबिच्कोवाबाई न्यायला येणार, माझ्यावर विश्वास नाही म्हणतात —

फक्त तो एक सूर ऐकायचा. एकदाच. अंगठा सैल झालाच आहे —

लागला! काय लागलाय —

वही पियानोवरच ठेवून लिहितेय. पेन नीट धरवत नाही. दहाही संपली, आता सुटले. बाई दार बडवतायत, मूर्ख मुली बाहेर ये, बस आली, ओरडतायत. जायचंच आहे. पण खाली, पायांशी — पेडलच्या त्या दोन पट्ट्या — किती सुकल्यात बिचाऱ्या, किती भेगा — बूट काढायला असा कितीसा वेळ